जेलमध्ये पत्र, पैसे, कपडे पाठवायचे आहेत, अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा

माणदेशी_सुनबाई

नमस्कार मंडळी. इथे वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय कारण विषय असा आहे की नात्यात कुणाला विचारायची सोय नाही. माझे धाकटे दीर काही महिन्यांपासून जेलमध्ये आहेत. बांधावरून झालेली मारामारी, एफआयआरमध्ये भावकीतली सगळी नावं टाकली त्यात दिरांचंही आलं, केस अजून उभी पण राहिलेली नाही. जेलचं नाव लिहीत नाही, पण गावाहून एका दिवसात जाऊन येणं होत नाही एवढं लांब आहे. सासूबाईंचे गुडघे गेलेत, आमच्या ह्यांना सारखी रजा मिळत नाही आणि जाऊबाईंचं लेकरू अंगावर पितंय.

म्हणून आम्ही पोस्टानं पार्सल पाठवलं. दोन पँटी, बनियन, टॉवेल, बीपीच्या गोळ्या, खोबऱ्याच्या वड्या आणि सासूबाईंनी शिवलेली वाकळ. ते जसंच्या तसं परत आलं, वर नुसता 'स्वीकारले नाही' असा शेरा. फोन केला तर गेटवर या म्हणाले. सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

मला एवढंच विचारायचंय की पोस्टानं नक्की काय चालतं, पैसे कसे पाठवायचे, आणि पत्र लिहिलं तर ते खरंच त्यांच्या हातात पडतं का. गावात एक जण म्हणाला पत्रं सगळी कचऱ्यात जातात, तेव्हापासून जाऊबाईंनी लिहायचंच सोडलंय.

शिवडीचा_वकील

ताई, आधी एक गोष्ट. तुमचे दीर कच्चे कैदी आहेत, म्हणजे न्यायाधीन बंदी. शिक्षा लागलेल्या पक्क्या कैद्याचे नियम वेगळे, त्यामुळे कुणी काही सांगितलं की पहिलं विचारायचं, हे कच्च्याचं सांगताय का पक्क्याचं. लोक दोन्ही एकात घालतात आणि घरचे हकनाक हेलपाटे मारतात.

१८९४ चा कारागृह कायदा आहे, त्याच्या कलम ३१ मध्ये कच्च्या कैद्याला बाहेरून अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि गरजेच्या वस्तू घेता येतील असं स्पष्ट म्हटलंय, फक्त तपासणी करून आणि ठरलेल्या वेळेत. आपल्याकडे त्याच्या जोडीला १९६२ चे बंद्यांच्या सोयीसुविधांचे नियम आहेत, पत्रं आणि मुलाकाती त्यात येतात. म्हणजे कपडे देणं हा तुमचा हक्क आहे, ती कुणी केलेली मेहेरबानी नाही. पण 'तपासणी करून' ह्या दोन शब्दांत सगळं अडकतं, कारण पोस्टानं आलेल्या बंद खोक्याची जबाबदारी गेटवरचा माणूस घ्यायला बघत नाही. मुलाकातीला आलेल्या नातेवाइकाच्या हातातली पिशवी त्याच्यासमोर उलटी करून बघता येते, कुणी दिली ते रजिस्टरात लिहिता येतं. म्हणून गेटवर या म्हणतात.

औषधं कधीच कपड्यांत घालून पाठवू नका. औषध द्यायचं तर डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि ते जेलच्या डॉक्टरमार्फत जातं. तुम्ही चिठ्ठीची झेरॉक्स आणि अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, की ह्यांना बीपी आहे, ही गोळी चालू आहे, जेलच्या दवाखान्यातून मिळावी. पोच जपून ठेवा. गोळी मिळाली नाही तर तीच पोच लावून वकिलाला कोर्टात अर्ज देता येतो आणि कोर्ट असल्या अर्जावर जेलकडून अहवाल मागवतं. घरच्या डब्याचंही तसंच, कायद्यात अन्न म्हटलं असलं तरी प्रत्यक्षात तो कोर्टाच्या परवानगीनेच मिळतो, आणि लांबच्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

कलम ४२ पण माहीत असू द्या. मनाई असलेली वस्तू आत पोचवायचा प्रयत्न केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि हे पाठवणाऱ्याला लागतं. एखाद्या मित्राने 'एवढी पुडी कपड्यात टाक' म्हटलं तर सरळ नाही म्हणायचं.

पोस्टातला_अण्णा

सुनबाई, मी पोस्टात आयुष्य घालवलं, आमच्या सबपोस्ट ऑफिसच्या हद्दीत एक कारागृह होतं, तेव्हा टपालापुरतं सांगतो.

पत्ता असा लिहायचा. आधी बंद्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, मग बंदी क्रमांक, सर्कल (जेलमधला विभाग) आणि बराक माहीत असेल तर तेही, मग 'द्वारा अधीक्षक', मग कारागृहाचं पूर्ण नाव, गाव, पिन. उदाहरणादाखल, अधीक्षक, येरवडा मध्यवर्ती कारागृह, पुणे ४११००६. मध्यवर्ती का जिल्हा हे लिहायला विसरू नका. बंदी क्रमांक सगळ्यात महत्त्वाचा. एका जेलमध्ये एकाच नावाचे चार-पाच जण सहज असतात, नुसतं 'संतोष पवार' लिहिलेलं पत्र कुणाच्या हातात द्यायचं. क्रमांक वकिलाकडे असतो, नाहीतर मुलाकातीच्या नोंदणीत मिळतो. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता मागं लिहायचाच, निनावी पत्र आत जायची आशा ठेवू नका.

पैसे मनीऑर्डरने पाठवा. आता सगळी ई-मनीऑर्डर असते, कमिशन शंभराला ५ रुपये. ती रक्कम बंद्याच्या हातात रोख मिळत नाही, त्याच्या नावाच्या खात्यात जमा होते, आत पीपीसी म्हणतात त्याला, आणि त्यातून तो कँटीनला साबण, बिस्किटं, पेस्ट, फरसाण घेतो. महिन्याला किती जमा होऊ शकतं ह्याला मर्यादा असते. २०२१ मध्ये ती ४,५०० होती, तेव्हा शाहरुख खानच्या मुलाला आर्थर रोडला घरून बरोब्बर तेवढ्याची मनीऑर्डर आली होती, त्या बातम्यांमुळे सगळ्या महाराष्ट्राला ती मर्यादा पाठ झाली. पुढे वाढवली. तुमच्या जेलला फोन करून आजची मर्यादा विचारा आणि तेवढंच पाठवा.

पत्रासाठी अंतर्देशीय पत्र घ्या, अडीच रुपये. पोस्टकार्ड ५० पैसे. पाकिटापेक्षा ही दोन्ही बरी, कारण उघडून बघायला सोपी, आत काही लपवलेलं असेल अशी शंकाच येत नाही. महत्त्वाचा अर्ज असेल तरच स्पीड पोस्ट. रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन केलंय, तेव्हा काउंटरवर रजिस्टरी मागून गोंधळू नका.

रोखठोक_७०

वाईट वाटून घेऊ नका पण जेलमध्ये असलेल्यांसाठी एवढं सगळं कशासाठी? ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या घरी कुणी पत्र लिहितं का? शिक्षा म्हणजे शिक्षा.

अवंती_के

रोखठोक काका, ज्यांचं नुकसान झालं त्यांचं दुःख कुणी नाकारत नाहीये. पण धागाकर्तीने ज्यांच्याबद्दल विचारलंय त्यांना शिक्षा झालेलीच नाही. देशातल्या तुरुंगांचा सरकारी अहवाल दरवर्षी निघतो. २०२२ अखेरीस ५,७३,२२० बंदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातले तीन. ह्यातले कितीतरी जण पुढे निर्दोष सुटतात.

आणि शिक्षा झालेल्यांचंही सांगते, मी ह्या क्षेत्रात काम करते. सुटून आलेला माणूस परत त्याच वाटेला लागतो का नाही हे बघताना मला सगळ्यात आधी एकच गोष्ट दिसते, आत असताना घरचं कुणी त्याच्या संपर्कात होतं का. ज्याचा घराशी संबंधच तुटला तो गेटमधून बाहेर पडून जातो कुठे, तर आत भेटलेल्या ओळखीच्याकडे. हे पुढच्या माणसाच्या सुरक्षिततेसाठी पण महत्त्वाचं आहे.

परतलेला

मी बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे. हे वाचून राहवलं नाही. दोन-सव्वादोन वर्ष आत होतो, निर्दोष सुटलो. कुठे, काय, कसं ते लिहीत नाही.

ताई, पत्रं कचऱ्यात जात नाहीत. जाऊबाईंना हे आजच सांगा.

टपाल आलं की आधी ऑफिसात उघडतात, वाचतात, शिक्का मारतात. त्यामुळे कधी चार दिवस लागतात, कधी पंधरा. मुंबईच्या आर्थर रोडसारख्या जेलची क्षमता आठशे-हजारांची आणि आत तीन हजारांच्या वर माणसं, वाचणारे हात दोन-तीन, उशीर होणारच. मराठी, हिंदी लवकर सुटतं. आमच्या बराकीत एक तेलुगू पोरगा होता, त्याची पत्रं कुणाला वाचता येईनात म्हणून अडकून पडायची, शेवटी त्याच्या बहिणीने शेजारच्या मराठी मास्तरांकडून मराठीत लिहून घ्यायला सुरुवात केली.

संध्याकाळी बराकीला कुलूप लागायच्या आधी शिपाई हातात गठ्ठा घेऊन यायचा आणि नावं पुकारायचा. त्या वेळी दीड-दोनशे माणसांच्या बराकीत कुणी खोकत पण नाही. नाव आलं की माणूस उड्या मारत जात नाही, उलट हळू चालतो, पत्र घेतो, खिशात ठेवतो. लगेच वाचत नाही. रात्री दिवा चालूच असतो आत, सगळे आडवे झाले की भिंतीकडे तोंड करून वाचतो. मग दुसऱ्या दिवशी ज्याला आलं नाही तो हळूच विचारतो, काय लिहिलंय रे. आणि आपण वाचून दाखवतो. माझ्या आईची पत्रं अख्ख्या कोपऱ्याला माहीत होती. आईला लिहिता येत नाही, भाची लिहायची, आणि पोरीने आई जे बोलली ते शब्दाला शब्द उतरवलेलं. 'ताकारीचं पाणी आलं, पण आपल्या चारीला शेवटी आलं. पाटलाची म्हैस खपली. तुझ्या चपला धुऊन माळ्यावर टाकल्यात.' (ताकारी ही आमच्याकडची पाण्याची योजना, चारी म्हणजे शेताला पाणी आणणारा पाट.) हे ऐकायला दुसऱ्या जिल्ह्यातली माणसं गोळा व्हायची. बीडचा एक म्हातारा होता, तो दर वेळी विचारायचा, चारीला पाणी आलं का पुढच्या पाळीला.

म्हणून काय लिहावं हे सांगतो. घरात काय शिजलं, कोण आलं, ऊस कुठल्या कारखान्याला गेला, लेकरू पालथं पडायला लागलं का, हे लिहा. देवावर विश्वास ठेव, धीर धर, सगळं ठीक होईल, हे एका ओळीत उरका. आतल्या माणसाला धीर धरण्यावाचून दुसरं कामच नसतं. त्याला घर चालू आहे हे दिसलं पाहिजे, आणि त्या घरात त्याची जागा आहे हे दिसलं पाहिजे. निर्णय विचारा त्यांना. बैल विकायचा का ठेवायचा, पोराचं नाव काय ठेवायचं. उत्तर यायला महिना लागला तरी चालेल, पण विचारा. आत कुणी कधी माणसाला काही विचारत नाही, फक्त सांगतात.

आणि ठरलेल्या दिवशी लिहा. मोठं नको, चार ओळी चालतील. पण दर आठवड्याला त्याच वारी टाका. एका महिन्यात पाच पत्रं आणि मग तीन महिने काही नाही, ह्याने माणूस खचतो. त्याला वाटतं घरी काहीतरी झालंय आणि आपल्यापासून लपवतायत.

शिवडीचा_वकील

वरचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

एक भर घालतो. पत्रात केसबद्दल एक अक्षर नको. साक्षीदार कोण, कोण फितूर होईल, तडजोडीचं काय चाललंय, काहीही नको. पत्र दुसरा माणूस वाचतो हे धरूनच लिहायचं. केसचं बोलणं वकिलामार्फत.

आणि एक जुनी गोष्ट सांगतो, आपल्याच मराठीतली आहे आणि वकिलांबाहेर फार कुणाला माहीत नाही. १९६४ च्या सुमारास प्रभाकर संझगिरी मुंबईच्या जिल्हा कारागृहात डिफेन्स ऑफ इंडिया रूल्सखाली, म्हणजे आणीबाणीतल्या सुरक्षा नियमांखाली, खटल्याशिवाय स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, निव्वळ विज्ञानाचं, राजकारणाचा शब्द नाही. ते हस्तलिखित छापायला बायकोकडे पाठवायचं होतं. सरकार म्हणालं नाही, स्थानबद्धाला असा हक्कच नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं, संझगिरी जिंकले, सरकार अपिलात सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथेही ६ सप्टेंबर १९६५ ला हरलं. न्या. सुब्बा राव यांचा निकाल आहे. मथितार्थ असा की कायद्याने जेवढं स्वातंत्र्य काढून घेतलंय तेवढंच गेलं, नियमात मनाई लिहिलेली नसेल तर अधिकाऱ्याला मनाने अडवता येत नाही.

म्हणून मी प्रत्येक अशिलाच्या घरच्यांना सांगतो, वस्तू नाकारली तर भांडू नका, लेखी कारण मागा. अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. अर्ध्या वेळा त्या अर्जानेच काम होतं.

फिलीकर_मेधा

मी अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळ राहते. इथे कैद्यांना पुस्तकं आणि पत्रं पाठवणाऱ्या एका गटात काम करते, म्हणून लिहावंसं वाटलं.

पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट प्रिझन्समध्ये २०१८ च्या सप्टेंबरपासून घरचं पत्र थेट जेलला पाठवताच येत नाही. ते जातं फ्लोरिडातल्या एका खाजगी कंपनीच्या पत्त्यावर, हजार मैल लांब. तिथे ते स्कॅन करतात, कैद्याला त्याची छापील प्रत मिळते, आणि मूळ पत्र काही दिवस ठेवून नष्ट करतात. कागदाला अमली पदार्थ लावून पाठवतात हे कारण दिलं होतं. टेक्सासमध्ये पण २०२३ पासून पत्रं स्कॅन होऊन टॅब्लेटवर दिसतात. पार्सलचं तर बहुतेक राज्यांत घरून काहीच पाठवता येत नाही, ठरवून दिलेल्या कंपनीच्या यादीतूनच मॅगी-बिस्किटं-मोजे विकत घ्यायचे. न्यूयॉर्कमध्ये बरीच वर्षं घरचे लोक फळं-भाज्या पाठवू शकत होते, ते पण २०२२ मध्ये बंद केलं. पुस्तक द्यायचं तर नवं, कागदी बांधणीचं, आणि सरळ दुकानातून किंवा प्रकाशकाकडून.

मी ज्या आजोबांना पत्र लिहिते त्यांना नातीने रंगीत खडूने काढलेलं घोड्याचं चित्र पाठवलं होतं. त्यांना काळीपांढरी प्रत मिळाली. त्यांनी मला लिहिलं, घोडा कुठल्या रंगाचा होता ते तिला विचारून कळव. मी विचारलं. जांभळा होता.

म्हणून सुनबाई, तुमच्याकडे अजून मूळ कागद आतल्या माणसाच्या हातात जातो ही फार मोठी गोष्ट आहे. जाऊबाईंनी स्वतःच्या हाताने लिहावं. बाळाचा पाय कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा.

अवंती_के

मेधाताई, धन्यवाद. इथेही काही अगदी सुरळीत आहे असं नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तळोजा जेलमध्ये पत्रकार-कार्यकर्ते गौतम नवलखांचा चष्मा चोरीला गेला, चष्म्याशिवाय त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. घरच्यांनी पोस्टाने नवा पाठवला तर जेलने घेतला नाही, परत पाठवला. मुंबई हायकोर्टात न्या. शिंदे आणि न्या. कर्णिक यांच्या कानावर हे आलं तेव्हा ते म्हणाले की माणुसकी सगळ्यात महत्त्वाची, आणि जेल अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायची वेळ आलीय. त्याच जेलमध्ये, त्याच दिवसांत आदिवासींमध्ये काम केलेले पाद्री स्टॅन स्वामी पार्किन्सन्समुळे हातात पेला धरू शकत नव्हते, स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला आणि त्यावर तारखा पडत राहिल्या. तेव्हा देशभरातून अनोळखी लोकांनी तळोजाच्या पत्त्यावर सिपर पाठवले होते. ८४ वर्षांचा माणूस, जुलै २०२१ मध्ये गेला. मला ते दिवस आठवले की अजून राग येतो.

आणि हे नावाजलेले लोक होते, वकिलांची फौज होती. ज्याचं नाव कुणाला माहीत नाही त्याचा चष्मा फुटला तर तो तसाच बसून राहतो. म्हणून घरच्यांनी चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद जपून ठेवावा. जेलला लेखी कळवून, परवानगी आली की मगच चष्मा द्यावा, फ्रेम प्लास्टिकची, काचा पण प्लास्टिकच्या.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे, १९८७ च्या कायद्यातच लिहिलंय, त्याला उत्पन्नाची अट नाही. मुंबई-ठाण्याकडे टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्थेचा) प्रयास प्रकल्प जेलमध्ये जाऊन काम करतो, घरच्यांशी तुटलेला संपर्क जोडून देतात.

वैनगंगा

माझा मोठा भाऊ पक्का आहे, शिक्षा लागून बरीच वर्षं झाली. आमच्या इकडचं सांगते. पक्क्याला कपडे जेलचेच, घरचे रंगीत कपडे चालत नाहीत, त्यामुळे कपड्यांचा विषयच नाही. त्याला कामाचा मेहनताना मिळते, त्यातून तोच कधीकधी आईला मनीऑर्डर करते. पहिली आली होती तवा आईनं ते पैसे खर्चच नाही केले, देव्हाऱ्यात ठेवून दिले होते.

राखी मात्र पोस्टानं जाते. फक्त साधी पाहिजे, रेशमाचा धागा. मणी, स्टील, चमकी, स्पंज काही नको, ते काढून टाकतात नाहीतर पाकीटच बाजूला ठेवतात. नारळी पौर्णिमेच्या तीन आठवडे आधी टाका. मी पाकिटात राखीसोबत कुंकवाची पुडी टाकत नाही, कोणतीच पूड टाकायची नाही हे ध्यानात ठेवा. कागदावरच कुंकवाचं बोट उमटवते आणि वाळू देते.

फोटो पाठवत असाल तर छोटा, कागदावर छापलेला, फ्रेम किंवा लॅमिनेशन नको. मागं नाव आणि बंदी नंबर लिहा. आणि संचित रजेचा, पॅरोलचा, म्हणजे थोडे दिवस घरी यायच्या सुट्टीचा अर्ज असेल तर जामीनदाराचे कागद, घरपट्टीची पावती हे सगळं स्पीड पोस्टानं अधीक्षकांच्या नावे पाठवा, भावाच्या नावे नाही. भावाच्या पत्रात टाकलेले कागद ऑफिसात पोचत नाहीत.

लहान लेकरं असतील तर 'गळाभेट' म्हणून कार्यक्रम असते काही जेलांमध्ये, सोळा वर्षांखालच्या पोरांना जाळीशिवाय बापाला, आईला भेटू देतात. पत्रातच कळवतात तारीख. माझी भाचरं जाऊन आली. त्याच्यावर काही लिहू शकत नाही मी.

म्हापशेकार

गोंयांतल्यान नमस्कार. आमची मध्यवर्ती जेल आधी आग्वादला होती, २०१५ पासून कोलवाळला आहे. आमच्याकडे पत्रं कोंकणीतून देवनागरीत जातात, रोमीतून म्हणजे रोमन लिपीतून जातात, मराठीतून पण जातात. मी शेजारच्या काकींची पत्रं लिहून देतो, त्यांचा मुलगा आत आहे. 'परतलेला' यांनी लिहिलंय ते वाचून दाखवलं त्यांना. आजपर्यंत त्या मला दर वेळी फक्त सायबिणीची (मेरीमातेची) प्रार्थना लिहायला सांगायच्या, ह्या खेपेला म्हणाल्या, लिही की मानकुराद आंबा ह्या वर्षी कमी लागलाय आणि दोतोर आल्फोन्सोला खत घाल म्हणतोय, घालूं काय?

माणदेशी_सुनबाई

सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. काल रात्री जाऊबाईंना आणि सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. चारीच्या पाण्यापाशी सासूबाई म्हणाल्या थांब, परत वाच.

आज मनीऑर्डर केली. बीपीच्या चिठ्ठीची झेरॉक्स आणि अर्ज स्पीड पोस्टानं गेला. कपड्यांसाठी ह्यांचे मावसभाऊ तिकडेच एमआयडीसीत कामाला आहेत ते सुट्टीच्या दिवशी गेटवर जाणार आहेत, वाकळीचं ते विचारून बघणार, जाड शिवलेली आहे म्हणून घेतील का नाही शंका आहे. अजून दोन प्रश्न आहेत. एक, आम्हाला कुणाचा तरी फोन आला की मी जेलमधून बोलतोय, तुमच्या माणसाला आत त्रास होऊ नये असं वाटत असेल तर ह्या नंबरला पैसे टाका. दुसरं, दिरांना तारखेला आणलं तेव्हा ते वकिलांना म्हणाले की दुसऱ्या जेलला वर्ग करणार आहेत असं कानावर आलंय. मग पत्रं कुठे पाठवायची?

शिवडीचा_वकील

पैसे टाकू नका. हा सर्रास चालणारा फसवणुकीचा प्रकार आहे, केसच्या बातमीतून नाव-गाव काढतात. जेल कधीच कुणाच्या खाजगी नंबरावर पैसे मागत नाही. नंबर लिहून ठेवा, १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा आणि वकिलाला सांगा. दिरांना पत्रात एवढंच विचारा, तब्येत कशी आहे, कुणी त्रास देतं का. पुढच्या तारखेला वकील समोरासमोर विचारून घेतील.

वर्ग होण्याचं ऐकीव आहे तोवर जुन्याच पत्त्यावर लिहीत राहा, थांबू नका. वर्ग झालेच तर ई-प्रिझन्स ह्या सरकारी पोर्टलवर मुलाकातीची नोंदणी करताना नाव कुठल्या जेलला दिसतंय ते कळतं. तिथूनच ई-मुलाकात पण मिळते, मोबाईलवर व्हिडिओने, ओळखपत्र लागतं. सासूबाईंना त्याचा उपयोग होईल, गुडघे दुखले तरी घरात बसून बघता येईल.

परतलेला

वर्ग झाल्यावर पहिले काही दिवस फार वाईट असतात. ओळखीचं कुणी नाही, झोपायची जागा संडासाजवळ मिळते, खात्यातले पैसे नव्या जेलला यायला वेळ लागतो म्हणून साबणसुद्धा घेता येत नाही. तेव्हा नवा पत्ता कळला की त्याच दिवशी कार्ड टाका, नवा बंदी क्रमांक हातात नसला तरी वडिलांचं नाव आणि गाव घालून. पैसे पण थोडे लगेच.

माझ्या ओळखीच्या एकाला वर्ग झाल्यावर जुन्या जेलहून पत्रं पुढे पाठवलेली मिळाली, तीन एकदम. म्हणजे तीही वाया जात नाहीत.

बेळगावकर_एस

इकडे बेळगावच्या हिंडलगा जेलला पाठवायचं असेल तर हेच सगळं लागू का? माझ्या मित्राचे वडील आहेत तिथे. घरात सगळे मराठीच लिहितात.

पोस्टातला_अण्णा

हिंडलगा कर्नाटकात येतं, मनीऑर्डर आणि पत्राची पद्धत देशभर पोस्टाची एकच, पण जेलचे नियम त्या त्या राज्याचे, तेव्हा वस्तूंचं आणि पैशाच्या मर्यादेचं तिथल्या गेटवरच विचारा. बेळगाव भागात मराठी वाचणारे पुष्कळ आहेत, भाषेची फारशी अडचण पडू नये. पत्ता मात्र कन्नड किंवा इंग्रजीतही खाली एकदा लिहा, पोस्टमनला सोपं जातं.

आणि सुनबाई, अंतर्देशीय पत्राच्या कडा चिकटवताना डिंक फार लावू नका, उघडताना ओळी फाटतात. स्टेपलर तर नकोच. दिरांचं उत्तर आलं की शिक्क्यावरची तारीख बघा, तुमच्याकडून जायला आणि तिकडून यायला किती दिवस लागतात त्याचा अंदाज येईल. मग जाऊबाईंनी वार ठरवावा.